कोरियाच्या अडलेल्या बोलण्यांची पेटी : वर्गात खेळवून केलेलं परीक्षण

स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये कोरियाची फाळणी एका ओळीत उरकलेली असते. दुसरं महायुद्ध संपलं, ३८ अक्षांशावर रेघ पडली, उत्तरेला रशिया, दक्षिणेला अमेरिका. पुढची ओळ थेट जून १९५० च्या लढाईची. मधल्या काळातल्या पहिल्या तीन वर्षांत अख्ख्या कोरियाचं एक सरकार बनवायचं ठरलं होतं, त्यासाठी आयोग नेमला होता, तो दोनदा बसला आणि दोनदा अडला, हे विद्यार्थ्याला कळतच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही इतिहास शिक्षकांनी मिळून केलेली ही खेळाची पेटी नेमकी तीच तीन वर्षं टेबलावर मांडते. अकरावी-बारावी कला आणि बीएच्या वर्गासाठी ती आहे. किंमत ८५० रुपये, एसटी पार्सलने मागवली तर भाडं वेगळं.

आधी निकाल सांगतो. पेटी घ्यावी. कॉलेजच्या ग्रंथालयात एक तरी असावी. पण पुस्तिकेतला एक नियम खोडल्याशिवाय आणि तीन कार्डं बाजूला काढल्याशिवाय ती वर्गात उघडू नये. का, ते पुढे येतंच.

साडीच्या खोक्याएवढा जाड पुठ्ठ्याचा डबा आहे. झाकणावर सोलच्या दोक्सुगुंग राजवाड्यातल्या सोकजोजॉन या दगडी इमारतीचं रेखाटन. अमेरिका आणि सोव्हिएत संघाचा संयुक्त आयोग तिथंच बसला. ही इमारत १९१० साली पुरी झाली, आणि जपानने कोरिया गिळला तोही त्याच वर्षी. आपला थिबा राजवाडा १९१० चाच, राज्य गेलेल्या राजासाठी इंग्रजांनी बांधलेला. रत्नागिरीच्या मुलांना एवढं सांगितलं की पस्तीस वर्षांच्या जपानी राजवटीनंतर महासत्तांचे 'आणखी पाच वर्षं थांबा' हे शब्द कोरियन माणसाला कसे लागले असतील, ते वेगळं समजवावं लागत नाही. पुस्तिकेत ही जोड नाही. शिक्षकाने स्वतः घालावी.

आत ३ बाय २ फुटांचा फ्लेक्सचा नकाशा, मॉस्को निर्णयाची चार कलमं छापलेला लॅमिनेट केलेला तक्ता, दोन शिष्टमंडळांची दहा ओळखपत्रं, संघटनांची ४६ कार्डं, सह्या घ्यायचे ६० छापील कागद, ११ बंद लिफाफे, तांदळाच्या ४० पांढऱ्या आणि विजेच्या ४० पिवळ्या चकत्या, तारखांची लांब पट्टी, संयुक्त राष्ट्रांचं एक छोटं पाकीट आणि ४८ पानांची पुस्तिका. २२ ते २८ मुलं लागतात. त्याहून कमी असली तर संघटना सांभाळायला माणसं उरत नाहीत, मग दोन महासत्ता समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत राहतात, आणि खेळाचा जीव संघटनांत आहे. वेळ साडेतीन तास, मध्ये एक सुट्टी. पुस्तिका दोन तास म्हणते. दोन तासांत पहिलं सत्रही पुरं होत नाही.

नकाशा चांगला आहे, या पेटीतली सगळ्यात काळजीने केलेली वस्तू तीच. बाजारात मिळणाऱ्या नकाशांत ३८ अक्षांश आणि १९५३ ची युद्धबंदी रेषा सर्रास एकच समजून छापतात. इथं तसं नाही. केसोंग शहर रेघेच्या दक्षिणेला दाखवलंय, आणि पश्चिम किनाऱ्यावरचं ओंगजिनचं द्वीपकल्प रेघेखाली असूनही जमिनीने दक्षिणेपासून तुटलेलं स्पष्ट दिसतं. तिथून सोलला जायचं तर होडी किंवा उत्तरेच्या हद्दीतून वाट. ऑगस्ट १९४५ मध्ये १० तारखेच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांनी नॅशनल जिऑग्राफिकच्या नकाशावर बघून ही रेघ सुचवली. सोल अमेरिकेकडे राहावं एवढा त्यांचा हिशोब होता. आपल्याकडे तालुक्याची हद्दसुद्धा निदान खाडी, वहाळ, सडा बघून जाते. ओंगजिनवर बोट ठेवलं की ही रेघ जमिनीवर जाऊन आखलेली नाही, हे मुलांना आपोआप दिसतं. आणि रेघ जपानी सैन्याची शरणागती कुणी घ्यायची यापुरती होती, देश वाटायला नव्हती, हे नकाशाच्या कोपऱ्यात ठळक छापलंय. ते वाचून घ्यावं. नाहीतर मुलं पहिल्या मिनिटापासून दोन देश असल्यासारखं बोलायला लागतात.

आता मॉस्कोचा तक्ता. डिसेंबर १९४५ मध्ये बर्न्स, मोलोटोव्ह आणि बेविन या तीन परराष्ट्रमंत्र्यांनी मॉस्कोत जे ठरवलं, त्याचा कोरियापुरता भाग चार कलमांचा. पहिलं: कोरियासाठी हंगामी लोकशाही सरकार स्थापन करायचं. दुसरं: त्याला मदत म्हणून दक्षिणेतल्या अमेरिकी आणि उत्तरेतल्या सोव्हिएत फौजी कमांडच्या प्रतिनिधींचा संयुक्त आयोग नेमायचा, त्याने कोरियातल्या लोकशाही पक्षांशी आणि सामाजिक संघटनांशी सल्लामसलत करायची, शिफारशी अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि चीन या चार सत्तांच्या विचारासाठी पाठवायच्या, आणि अखेरचा निर्णय आयोगातल्या दोन सरकारांनी घ्यायचा. तिसरं: त्या हंगामी सरकारशी बोलून चार सत्तांच्या, जास्तीत जास्त पाच वर्षांच्या ट्रस्टीशिपचा, म्हणजे पूर्ण स्वातंत्र्याआधीच्या देखरेखीचा, करार तयार करायचा. चौथं: तातडीच्या कामांसाठी दोन आठवड्यांत दोन्ही कमांडची बैठक. तक्त्यावरचा अनुवाद नीट आहे, क्रमही बरोबर आहे. क्रम महत्त्वाचा, कारण गाइडवाले हमखास उलटं लिहितात. मुळात आधी सरकार होतं आणि मग त्या सरकारच्या सल्ल्याने ट्रस्टीशिप.

अनुवादात एकच शब्द खटकतो. ट्रस्टीशिपला पेटीत सगळीकडे 'पालकत्व' म्हटलंय. रशियन मसुद्यातला 'ओपेका' हा शब्द तसाच आहे, पालकत्वाच्या अर्थाचा. पण कोरियन वर्तमानपत्रांत जो शब्द गेला तो 'सिनताक तोंगची', म्हणजे 'विश्वस्त राजवट'. त्यातली 'राजवट' लोकांना झोंबली. १९०५ मध्ये जपानने संरक्षणाच्या नावाखाली आपला अधिकारी आणून बसवला आणि पाच वर्षांत देश खालसा केला, हे बघितलेली माणसं तेव्हा हयात होती. कोरियातल्या डाव्यांनी पुढे बाजू बदलल्यावर पालकत्वाच्या अर्थाचा 'हुग्यॉन' हा सौम्य शब्द पुढे केला, तो याच कारणाने. सगळ्यांना एकच शब्द दिला की भांडणाचं अर्धं कारण नाहीसं होतं. उपाय सोपा आहे. तक्त्याची झेरॉक्स काढावी, तिसऱ्या कलमात 'विश्वस्त राजवट' असं हाताने लिहावं आणि ती प्रत उजव्या संघटनांच्या हातात द्यावी. डाव्यांना आणि सोव्हिएत शिष्टमंडळाला मूळ छापील तक्ता. वर्गात आवाज चढायला पाच मिनिटं लागत नाहीत, आणि दोन्ही बाजूंना आपल्यापुढचा कागदच खरा वाटतो.

पहिला लिफाफा हेच काम पुढे नेतो. २७ डिसेंबर १९४५ ला सोलच्या दोंगा इल्बो या वर्तमानपत्राने छापलं की सोव्हिएत संघ ट्रस्टीशिप मागतोय आणि अमेरिका ताबडतोब स्वातंत्र्य द्या म्हणतेय. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी होती. ट्रस्टीशिपची कल्पना रूझवेल्टची, याल्टा परिषदेत ते स्टालिनशी वीस-तीस वर्षांच्या गोष्टी करत होते. लिफाफ्यात त्या बातमीचा आशय दिलाय आणि खाली 'ही बातमी चुकीची आहे हे कुणालाही सांगू नये' अशी शिक्षकाला सूचना. सूचना अगदी योग्य. ३० डिसेंबरला कोरियन डेमोक्रॅटिक पक्षाचे सोंग जिन-वू यांचा खून झाला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कम्युनिस्टांनी विरोध सोडून मॉस्को निर्णयाला पाठिंबा दिला. म्हणजे आयोग बसायच्या आधीच ट्रस्टीशिप हा उजव्या-डाव्यांमधला वाद होऊन बसला होता. या तीन घटनांचे तीन लिफाफे एका बैठकीत, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने उघडावेत. पुस्तिका ते 'ऐच्छिक' म्हणते. ऐच्छिक अजिबात नाहीत, ते वगळले तर पुढच्या हट्टाला कारणच उरत नाही.

पेटीचा गाभा आहे दुसऱ्या कलमातला एक शब्द : सल्लामसलत. कुणाशी?

गावकीत वावरलेल्या मुलांना हा प्रश्न शिकवावा लागत नाही. बैठकीत काय ठरतं त्याआधी बैठकीला कुणाकुणाला बोलवायचं, मान कुणाचा, गावातल्या मंडळाचा की मुंबई मंडळाचा, यावरच रात्र सरते. मालवणच्या एका वर्गात संघटनेचं कार्ड हातात घेतलेला मुलगा नियम वाचायच्या आधीच उठून म्हणाला, "आमका इचारल्याशिवाय बैठक कशी काय?" सोलमध्ये नेमकं हेच झालं. २० मार्च १९४६ ला पहिलं सत्र सुरू झालं, सोव्हिएत बाजूने जनरल श्तिकोव्ह, अमेरिकी बाजूने जनरल आर्नोल्ड. श्तिकोव्ह यांचं म्हणणं, ज्या संघटना मॉस्को निर्णयालाच विरोध करतात त्यांच्याशी त्या निर्णयाच्या अंमलबजावणीबद्दल काय बोलायचं? अमेरिकेचं म्हणणं, मत मांडलं म्हणून कुणाला बाहेर ठेवायचं ही कसली लोकशाही? तत्त्वाच्या आड हिशोबही होता. दक्षिणेतले उजवे जवळजवळ सगळे ट्रस्टीशिपच्या विरोधात होते. ते गळले तर सल्लामसलतीला उरणार होते मुख्यतः डावे. ते आत आले तर सोव्हिएत संघाला सीमेवर नको असलेलं सरकार तयार होणार होतं. दोन्ही शिष्टमंडळांना हे पक्कं ठाऊक होतं. ओळखपत्रांच्या मागे दोन ओळींत ही गोम छापली आहे, आणि समोरच्याला ती दिसत नाही. ही रचना फार चांगली जमलीय.

सह्यांचा कागद जवळून बघण्यासारखा आहे. १८ एप्रिल १९४६ च्या संयुक्त निवेदन क्रमांक ५ प्रमाणे, मॉस्को निर्णयाची उद्दिष्टं आणि आयोगाचे निर्णय आम्ही मानू अशा घोषणेवर सही करणाऱ्या संघटनेशी आयोग बोलणार होता. पेटीतला कागद पोस्टकार्डाएवढा. वर तीन ओळींची घोषणा, खाली सहीची जागा, आणि उजव्या कोपऱ्यात रिकामी चौकट. ही चौकटच सगळा खेळ करते. सही झाल्यावर संघटनेला एक मिनिट भाषणाची मुभा आहे. त्या भाषणात कुणी 'सही केली म्हणजे विश्वस्त राजवट मान्य केली असं नाही' म्हटलं, तर सोव्हिएत शिष्टमंडळ चौकटीत लाल फुली मारू शकतं आणि अमेरिकी शिष्टमंडळ त्यावर निळी खूण करू शकतं. एकाच कागदावर फुली आणि खूण दोन्ही पडली की तो कागद टेबलाच्या मधोमध ठेवायचा. अर्ध्या तासात मध्यभागी गठ्ठा जमतो, कुणालाच तो उचलता येत नाही. प्रत्यक्षातही असंच घडलं. दक्षिणेतल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल हॉज यांनी उजव्यांना समजावलं की सही म्हणजे ट्रस्टीशिपला पाठिंबा नव्हे, त्यांनी सह्या करायची तयारी दाखवली, सोव्हिएत बाजूने ते धुडकावलं, आणि मे १९४६ च्या सुरुवातीला आयोग तारीख न ठरवता उठला.

इथंच पुस्तिकेतली मोठी चूक आहे. पान १४ वर नियम दिलाय: कोंडी झाल्यास अध्यक्षाने निर्णायक मत द्यावं. हा नियम पेनने खोडावा. संयुक्त आयोगात तोडगा देणारा कुणीच नव्हता. दोन्ही बाजूंची संमती, नाहीतर काही नाही. ब्रिटन आणि चीनकडे शिफारशी विचारासाठी जाणार होत्या खऱ्या, पण शिफारस बाहेर पडेल तेव्हा ना. निर्णायक मताचा नियम ठेवला की मुलं पंचवीस मिनिटांत सरकार बनवतात, खूश होतात, आणि कोरिया का अडला हे न कळता घरी जातात. नियम खोडला तर शेवटी एखादी मुलगी विचारतेच, "सर, पण मग हे सोडवायचं कुणी?" त्यावर शिक्षकाने काही सांगू नये. पुढचं पाकीट उघडावं.

तांदूळ आणि विजेच्या चकत्यांचा भाग पुस्तिकेने दोन पानांत गुंडाळलाय, त्याला जास्त वेळ द्यायला हवा. मोठी जलविद्युत केंद्रं आणि कोळसा उत्तरेला, भाताची सपाट जमीन दक्षिणेला. पोफळीची वीज डोंगरापलीकडे जाते हे चिपळूणच्या मुलांना माहीत असतं, त्यांना एका वाक्यात उलगडतं. चौथ्या कलमाप्रमाणे जानेवारी १९४६ मध्ये दोन्ही कमांडची बैठक झाली आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती जवळजवळ हात हलवत संपली. सोव्हिएत बाजूला कोळशा-विजेच्या बदल्यात तांदूळ हवा होता. अमेरिकेकडे द्यायला तांदूळ नव्हता, कारण लष्करी प्रशासनाने १९४५ च्या शरदात भाताच्या बाजारावरची बंधनं काढली, साठेबाजी झाली, भाव भडकले, शहरांत टंचाई आली. हे दाखवायचं तर दक्षिणेच्या हातात सुरुवातीला २० नव्हे, ८ पांढऱ्या चकत्या द्याव्यात. पुस्तिका २० सांगते, त्यामुळे पहिल्या फेरीतच बिनबोभाट सौदा होतो. आणि पिवळ्या चकत्यांपैकी १० शिक्षकाने शेवटपर्यंत स्वतःकडे राखून ठेवाव्यात.

पाचवा लिफाफा जमिनीचा. ५ मार्च १९४६ ला, म्हणजे आयोग बसायच्या पंधरा दिवस आधी, उत्तरेत जमीनदारांच्या जमिनी मोबदला न देता काढून कुळांना वाटायचा कायदा झाला. खोती आणि कूळकायद्याच्या गोष्टी ज्यांच्या घरात अजून निघतात अशा मुलांना याचा अर्थ चटकन पोचतो: ज्याच्या नावावर सातबारा चढला तो आता मागे जाणार नाही, आणि ज्याची जमीन गेली तो दक्षिणेत येऊन ओरडणार. बोलणी चालू असतानाच दोन्हीकडे दोन व्यवस्था मूळ धरत होत्या. हा लिफाफा उघडल्यावर उत्तरेची चार कार्डं तडजोडीला कमी तयार होतात, आणि ती तशीच व्हायला हवीत.

मधल्या वर्षाचे लिफाफे साधारण. ३ जून १९४६ चं उजव्यांचे नेते सिंगमन ऱ्ही यांचं चोंगउपचं भाषण, ज्यात त्यांनी निदान दक्षिणेपुरतं सरकार करायची भाषा उघडपणे केली, आणि ऑक्टोबरात देगूपासून पसरलेला उठाव, दोन्ही आहेत. किम क्यु-सिक आणि येओ उन-ह्योंग यांच्या डाव्या-उजव्या समेटाच्या प्रयत्नाला मात्र फक्त पाच ओळी मिळाल्यात. आयोग चालला असता तर मधलं सरकार ज्यांच्या भोवती उभं राहिलं असतं ती हीच दोन माणसं. त्यांना एवढी थोडी जागा देणं खरोखर खुपतं. शिक्षकाने मध्यम संघटनांची तीन कार्डं वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलांना द्यावीत, तेवढ्याने बरंच भरून निघतं.

दुसऱ्या सत्राची मांडणी उत्तम आहे. अमेरिकेचे नवे परराष्ट्रमंत्री मार्शल आणि मोलोटोव्ह यांच्या पत्रव्यवहारानंतर २१ मे १९४७ ला आयोग पुन्हा बसला, या वेळी अमेरिकी बाजूला जनरल ब्राउन. सुरुवात आशेची होती. संघटनांनी अर्ज करायचे, हंगामी सरकारची घटना आणि धोरण यांबद्दलच्या प्रश्नावल्या भरून द्यायच्या, असं ठरलं. अर्ज आले ४६३. त्यातले ४२५ दक्षिणेतून, ३८ उत्तरेतून. पेटीतली ४६ कार्डं म्हणजे याच आकड्याचा दहावा हिस्सा, ४२ आणि ४. हे प्रमाण राखल्याबद्दल करणाऱ्यांचं मनापासून कौतुक. कार्डांच्या मागे सभासदसंख्या आहे. सगळ्यांची बेरीज फळ्यावर करायला लावा. सुमारे तीन कोटींच्या देशात सभासदांची बेरीज लोकसंख्येच्या पलीकडे जाते. प्रत्यक्षातही गेली होती, आणि सोव्हिएत बाजूने त्यावर बोट ठेवलं होतं. एकच माणूस गावच्या मंडळात, मुंबई मंडळात, भजनी मंडळात आणि पतपेढीत मोजला की गावाची वस्ती चौपट दिसते, तसंच. इथं मुलं हसतात. हसू ओसरलं की विचारावं, मग कुणाची यादी कुणी तपासायची? पुन्हा तोच दोन सह्यांचा आयोग.

२३ जून १९४७ ला सोलमध्ये ट्रस्टीशिपविरोधी निदर्शनं झाली, सह्या केलेल्या संघटनाही त्यात दिसल्या, आणि सोव्हिएत शिष्टमंडळाने त्यांना वगळायची मागणी परत लावून धरली. नववा लिफाफा १९ जुलैचा : येओ यांचा सोलमध्ये भर दिवसा खून. तो फार लवकर उघडला तर मधली फळी कोसळते आणि उरलेला तास रिकामा जातो. प्रश्नावल्या दोन्ही शिष्टमंडळांच्या हातात पोचल्यावरच उघडावा. उघडल्यावर येओंचं कार्ड टेबलावरून उचलून डब्यात परत टाकायचं, आणि त्यांच्या जागी कुणालाही बसू द्यायचं नाही.

त्या कार्डाबद्दल एक इशारा. पेटीत त्यांची दोन कार्डं आहेत, एक 'येओ उन-ह्योंग' आणि दुसरं 'ल्यु वून-ह्युंग'. माणूस एकच. त्यांचं नाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि ते दोन नेते समजून छापले गेलेत. दुसरं कार्ड काढून टाका. तसंच उजवे नेते किम कु यांच्या नावाची 'किम कु' आणि 'किम कू' ही जोडी. तिसरं काढायचं कार्ड संयुक्त राष्ट्रांच्या पाकिटातलं, ते खाली.

हे पाकीट पेटीचा सगळ्यात लंगडा भाग आहे, आणि आपल्या वाचकाला सगळ्यात जवळचाही, कारण भारत इथं येतो. सप्टेंबर १९४७ मध्ये मार्शल यांनी प्रश्न आमसभेत नेला. श्तिकोव्ह यांनी उलट सुचवलं की दोन्ही फौजांनी १९४८ च्या सुरुवातीला एकदमच निघून जावं. ऑक्टोबरात सोव्हिएत शिष्टमंडळ सोल सोडून गेलं. १४ नोव्हेंबरला आमसभेने नऊ देशांचा हंगामी आयोग नेमला: ऑस्ट्रेलिया, कॅनडा, चीन, एल साल्वादोर, फ्रान्स, भारत, फिलिपिन्स, सीरिया आणि युक्रेन. युक्रेनने भाग घेतला नाही. पाकिटात युक्रेनचं कार्ड खेळायला दिलंय, हेच ते तिसरं कार्ड. त्या जागी रिकामी खुर्ची ठेवावी, तिचा परिणाम जास्त होतो.

जानेवारी १९४८ मध्ये आयोग सोलला बसला, अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन. उत्तरेत पाऊल ठेवायची परवानगी सोव्हिएत संघाने दिली नाही. मग फक्त दक्षिणेत निवडणूक घ्यायची का? मेनन यांनी फेब्रुवारीत ही अडचण आमसभेच्या अंतरिम समितीपुढे मांडली. २६ फेब्रुवारीला समितीने ३१ विरुद्ध २ मतांनी, ११ तटस्थ असताना, जिथं जाता येईल तिथं निवडणूक घ्यावी असा कौल दिला. विरोधातली दोन मतं कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाची, अमेरिकेच्या मित्रदेशांची. १२ मार्चला सोलमध्ये आयोगाचं मतदान झालं: चीन, एल साल्वादोर, भारत, फिलिपिन्स बाजूने, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा विरोधात, फ्रान्स आणि सीरिया तटस्थ. पुस्तिकेच्या पान ४१ वर भारत तटस्थ राहिला असं छापलंय. चूक आहे. भारताने बाजूने मत दिलं. अलिप्ततेबद्दल पाठ असलेलं वाक्य इथं आपोआप कागदावर उतरलेलं दिसतं, आणि नेमकं तेच विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत जाणार. खोडून दुरुस्त करावं, आणि भारताच्या कार्डावर बसलेल्या मुलाला मत द्यायच्या आधी दोन मिनिटं कारण सांगायला लावावं.

१० मेची निवडणूकही पुस्तिकेत फक्त तारखेपुरती आहे. शिक्षकाने एवढं जोडावं: विधानसभेच्या जागा तीनशे धरलेल्या, त्यातल्या शंभर उत्तरेसाठी रिकाम्या ठेवलेल्या, दोनशेंची निवडणूक आणि जेजू बेटावरच्या दोन जागा उठावामुळे अडकलेल्या. एप्रिलमध्ये किम कु आणि किम क्यु-सिक वाटाघाटींसाठी प्योंगयांगला जाऊन आले, त्यांनी या निवडणुकीत भाग घेतला नाही. १५ ऑगस्टला दक्षिणेत एक सरकार, ९ सप्टेंबरला उत्तरेत दुसरं.

वापरताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर पेटी कपाटात तशीच ठेवली तर संघटनांच्या कार्डांना बुरशी येते, कारण ती साध्या आर्ट कार्डावर छापलीत, लॅमिनेट नाहीत. घेतल्याबरोबर ती लॅमिनेट करून घ्यावीत, मात्र मागची सभासदसंख्या वाचता येईल असं पारदर्शक. सह्यांचे कागद लॅमिनेट करू नयेत, त्यावर पेन चालायला हवं. ६० कागद दोन वर्गांना पुरतात, पुढे झेरॉक्स चालते, पण चौकटीचा आकार तेवढाच ठेवा. लिफाफ्यांचा डिंक दमट हवेत आपोआप चिकटतो किंवा सुटतो, म्हणून त्यांना कागदाच्या क्लिपा लावाव्यात आणि वर आकडे मोठे लिहावेत. फ्लेक्सचा नकाशा घडी न घालता गुंडाळून ठेवावा. घडी नेमकी रेघेवरच पडते आणि ओंगजिनची शाई उडते.

बसायची मांडणी पुस्तिकेत गोल दाखवलीय. गोल नको. दोन बाकं समोरासमोर, मध्ये हातभर अंतर, त्या अंतरात फुल्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा, आणि संघटना दाराबाहेर व्हरांड्यात. बोलावल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. आवाज वाढतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते, म्हणून शनिवारी दुपारी खेळवलेलं बरं.

राखून ठेवलेल्या दहा पिवळ्या चकत्या शेवटच्या लिफाफ्यासाठी आहेत. त्यात १४ मे १९४८ ही तारीख आहे, निवडणुकीनंतरचा चौथा दिवस, उत्तरेने दक्षिणेची वीज तोडली तो. लिफाफा वाचून झाला की चकत्या सगळ्यांसमोर उत्तरेच्या बाजूला ठेवायच्या आणि खोलीतले दिवे बंद करायचे. नवीन छपाईत चुका दुरुस्त करू असं करणाऱ्यांनी कळवलंय. मागवताना पान १४ आणि पान ४१ बदललीत का, एवढं विचारून घ्यावं.